घरगुती खोके आणि चिमुकला संगणक

संगणक म्हटला की टेबलाखालचा मोठा डबा, वर पडदा आणि मागे तारांचे जंजाळ असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. नोव्हेंबर २०१५ मध्ये इंग्लंडमधून ‘रास्पबेरी पाय झीरो’ या नावाचा जो संगणक बाजारात आला, तो अवघा ६५ मिलिमीटर लांब व ३० मिलिमीटर रुंद होता. किंमत पाच डॉलर! त्याच सुमारास ‘मॅगपाय’ मासिकाने तर तो आपल्या अंकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाचकांना फुकट दिला. (आमच्या संपादक मंडळाने हे मनावर घेऊ नये.)

परंतु ही किंमत नुसत्या उघड्या पट्टीची. तिला खोके नाही, आणि दोन बारीक खाचांपैकी एक विजेसाठी खर्ची पडते. उरलेल्या एकीत कळफलक लावला तर माऊस कोठे लावायचा? वडगाव निंबाळकरसारख्या गावातील विद्यार्थ्याने घरच्या टीव्हीला जोडून त्यावर निबंध लिहावयाचे म्हटले, तर सारे काही या खोक्यावर आणि वाढीव खाचांवरच अवलंबून राहते.

खाचा वाढविण्याचा सोपा मार्ग म्हणजे चार तोंडांचा यूएसबी हब खोक्यातच बसविणे. हबची तोंडे भिंतीबाहेर काढावीत आणि त्याची शेपटी ओटीजी तारेने आतल्या खाचेत जोडावी. येथे विजेचा हिशेब मात्र चुकवू नये. यूएसबी २ च्या नियमाने एक तोंड ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह मागू शकते. म्हणजे चार तोंडांचे दोन अँपिअर झाले, शिवाय संगणकाची स्वतःची भूक वेगळी. मोबाईलचा जुना एक अँपिअरचा चार्जर तेथे अपुरा पडतो. दाब घसरला की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि कार्डावरील लेखन बिघडण्याची भीती असते. पाच व्होल्ट, अडीच अँपिअरचा चार्जर घ्यावा. तार कापून जोडणारच असाल तर लाल तार पाच व्होल्टची, काळी परतीची, पांढरी व हिरवी माहितीची, असा रिवाज आहे; पण रंगावर विसंबू नका, मीटरने तपासा. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर पट्टी जळू शकते.

खोक्यासाठी पत्र्याचा डबा मजबूत खरा, पण पट्टीची उघडी टोके पत्र्याला टेकली की शॉर्ट होते, आणि बिनतारी मॉडेल असल्यास लहरी आतच अडतात. वीजमिस्त्री वापरतात तो प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स मला अधिक पसंत आहे. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून खाचांच्या जागा आखाव्यात, लहान भोक पाडून कानशीने हळूहळू वाढवावे. पट्टीच्या चार कोपऱ्यांतील भोकांत अडीच मिलिमीटरचे स्क्रू बसतात. खाली प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे घालून ती तळापासून उचलावी.

आपल्याकडचा उन्हाळा, आणि ऊसपट्ट्यात पाचट पेटले की उडणारी काजळी, या दोहोंचा विचार परदेशी तयार खोक्यांत नसतो. गरम हवा वर चढते. म्हणून तळाशी व झाकणाजवळ अशी दोन्हीकडे भोके हवीत, आतून मच्छरजाळी चिकटवलेली. चिप ८० अंशांच्या पुढे तापली की संगणक आपला वेग स्वतःच उतरवतो.

कार्डाच्या खाचेसमोर बोट जाईल एवढी फट ठेवावी, आणि झाकण लावण्यापूर्वी चारही तोंडांत पेनड्राइव्ह आळीपाळीने लावून पाहावा.