ऑईलचा लाल दिवा लागला तर



तोड सुरू झाली की आपल्याकडच्या जुन्या डिझेल जीपगाड्यांना दम म्हणून मिळत नाही. दिवसा बेणे, डिझेल, टोळीचे सामान. रात्री पुन्हा फडावर फेरी. अशा धावपळीत समोरचा लाल दिवा एकाएकी लागला, तर बहुतेक जण काय करतात? "बघू घरी गेल्यावर," म्हणतात. म्हणून या दिव्याविषयी दोन शब्द.

आमच्या माहितीतील एक सभासद टोळीचे रेशन घेऊन फडाकडे चालले होते. वाटेत ऑईलचा दिवा लागला. गृहस्थ जाणते, त्यांनी गाडी थांबवून पट्टी काढून पाहिली. ऑईल वरच्या खुणेच्याही वर! "ऑईल तर भरपूर आहे, स्विचच गेला असणार," असे म्हणून ते निघाले. तीन-चार किलोमीटरवर इंजिनात ठकठक सुरू झाली आणि गाडी जागीच जाम झाली. मिस्त्रीने इंजिन खोलले तेव्हा बेअरिंगे जळून गेलेली, क्रँकही खरवडलेला. पंपातून डिझेल झिरपून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरत होते. पातळी वाढली होती ती त्यामुळे. ऐन हंगामात गाडी बसली आणि इंजिनाचा खर्च अंगावर आला.

चूक कुठे झाली? हा दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही, ऑईलचा दाब सांगतो. इंजिनाच्या अंगाला एक लहानसा स्विच बसवलेला असतो आणि त्याला बहुधा एकच वायर असते. दाब नसला की स्विच ती वायर इंजिनाच्या धातूला जोडून देतो व दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन दाब आला की जोड तुटतो, दिवा विझतो. पुष्कळशा स्विचमध्ये हा जोड ५ ते ७ पौंडांच्या आसपास तुटतो. रस्त्यावर पळणाऱ्या इंजिनाला मात्र त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. तेव्हा चालत्या गाडीत दिवा लागला म्हणजे ती पहिली नोटीस नव्हे, जप्तीवाले दारात आले असे समजावे.

तेव्हा गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन ताबडतोब बंद करायचे. समोर घराचे कौल दिसत असले तरीही.

दहा मिनिटे थांबून, गाडी सपाटीवर असताना पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहावी. ऑईल कमी असेल तर खाली गळती शोधावी, भर घालावी, आणि मगच सुरू करावे. सुरू केल्यावर काही सेकंदांत दिवा गेला नाही तर लगेच बंद. पातळी बरोबर किंवा जास्त दिसली तर तेवढ्यावर समाधान मानू नये. थेंब दोन बोटांत चोळून पाहावा, वास घ्यावा. डिझेलचा वास येतो, बोटाला चिकटपणा लागत नाही, तर गाडी ओढूनच न्यावी. ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. तेथेही तोच उपाय.

ऑईल चांगले असेल तर आता वायरीकडे वळावे. किल्ली चालू, इंजिन बंद. दिवा लागलेला असेल. स्विचवरची वायर काढून ती कोठेही टेकू न देता धरावी. तरीही दिवा जळतच राहिला, तर वायर वाटेत कोठेतरी सोलून पत्र्याला लागली आहे. उंदरांची कृपाही असू शकते! दिवा विझला तर वायर ठीक. मग दोष स्विचचा असेल, नाहीतर दाब खरोखरच नाही. या दोहोंतले कोणते, हे डोळ्यांनी कळत नाही. मिस्त्रीकडून स्विचच्या जागी दाबाचे घड्याळ लावून घ्यावे व आकडा गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. घड्याळ न लावता नुसता स्विच बदलून देणारा मिस्त्री आम्हांस पसंत नाही. आणि दिव्याची वायरच कापून टाकणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

गरम इंजिन मंद चालत असताना दिवा लुकलुकतो व रेस दिली की जातो, अशी तक्रारही ऐकू येते. मंद गती फारच कमी ठेवली आहे काय, ऑईल जुने किंवा हलके आहे काय, हे आधी पाहावे. ते ठीक असेल तर बेअरिंगे किंवा ऑईलपंप झिजला आहे, हंगामाआधीच दाखवून घ्यावे.

शेजारचा बॅटरीचा दिवा निराळा. तो लागला तर बॉनेट उघडून प्रथम फॅनचा पट्टा पाहावा, अर्थात इंजिन बंद करूनच. कित्येक जुन्या गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो. पट्टा तुटला असेल तर पुढे जाऊ नये, इंजिन तापेल. पट्टा शाबूत असेल तर दिवसा जवळचे गॅरेज गाठता येते. रात्री हेडलाईट बॅटरी लवकर खातात. गाडी चढावर बंद पडली आणि दोन्ही दिवे एकदम लागले, तर घाबरू नये. इंजिन थांबल्यावर ते लागायचेच.

उद्या सकाळी किल्ली फिरवाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही दिवे लागतात काय, तेवढे पाहा. लागत नसतील तर बल्ब गेला आहे किंवा वायर तुटली आहे, आणि दाब गेला तरी तुम्हाला कळणार नाही.