जनुकशास्त्र : नीट हुकल्यावरची सोय नव्हे

नीटचे गुण हाती आले की वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत जेवणं लांबतात. बी ग्रुप, म्हणजे जीवशास्त्र घेतलेल्या मुलीने वर्षभराचा ड्रॉप घ्यायचा की बी.एस्सी.ला नाव घालायचं? त्यात ती जनुकशास्त्र किंवा रेणवीय जीवशास्त्राचं नाव काढते आणि बाबा विचारतात, "म्हणजे डॉक्टर नाहीच ना?"

साठच्या दशकात हाच पेच याच शहरातल्या एका घरात पडला होता. मुलाचे वडील एम.एस. विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे विभागप्रमुख, आईही शास्त्रज्ञ. तरी मुलाने डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा. शेवटी ठरलं की राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शिष्यवृत्ती मिळाली तर त्याने भौतिकशास्त्र घ्यावं. ती मिळाली. वेंकी रामकृष्णन १९७१ मध्ये इथूनच बी.एस्सी. झाले, १९७६ मध्ये अमेरिकेत भौतिकशास्त्रात पीएच.डी. झाले, आणि मग त्यांना जीवशास्त्राची ओढ लागली. हातात पीएच.डी. असताना ते सॅन दिएगोला पुन्हा विद्यार्थी झाले आणि पदवीच्या मुलांबरोबर जीवशास्त्राच्या वर्गांत बसले. पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना दोघांसह विभागून मिळालं. पालकांना मी हे सांगते ते नोबेलसाठी नव्हे. एवढ्या शिकलेल्या माणसालाही पदवीचा पाया टाळता आला नाही, हे मला त्यात मोलाचं वाटतं.

हा पाया कसा असतो, ते सिकलसेलच्या आजारातून दिसतं. वडोदऱ्यातून २०१३ मध्ये वेगळ्या झालेल्या छोटा उदेपूरसह गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात आणि तिकडे नंदुरबार-विदर्भात हा आजार आहे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणाऱ्या जनुकात एका ठिकाणी जीएजी ऐवजी जीटीजी होतं. बदल एका अक्षराचा, पण त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. प्राणवायू कमी पडला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि रुग्ण वेदनेने तळमळतो. डीएनए, आरएनए, प्रथिन, पेशी, माणूस ही सगळी वाट एका उदाहरणात चालून होते.

आता मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम. आई-वडील दोघं वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही बदललेल्या जनुकाची एकेक प्रत असेल, तर बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. ती प्रत्येक गरोदरपणात तेवढीच असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुरक्षित, असं नसतं. बारावीला पनेटचा चौकोन अचूक काढणारी मुलंसुद्धा इथे चुकतात. उद्या जनुकीय समुपदेशनाला बसल्यावर हीच चूक एखाद्या कुटुंबाला फार महाग पडेल. म्हणून या विषयात संभाव्यता आणि संख्याशास्त्र ही बाजूची प्रकरणं नाहीत. रसायनशास्त्रही नाही. 'गणित नको म्हणून बायो घेतलं' असं म्हणणाऱ्या मुलाला इथे आणू नका. दुसऱ्या वर्षी तो रडकुंडीला येतो.

नोकरीचं स्पष्टच सांगायला हवं. नुसत्या बी.एस्सी.वर औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचं किंवा निदान प्रयोगशाळेतलं काम मिळू शकतं आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. वडोदऱ्याला औषधांची परंपरा जुनी आहे. अलेंबिक १९०७ मध्ये उभी राहिली, तिच्या संस्थापकांत कोटीभास्कर हे मराठी गृहस्थ होते. पण संशोधन, जनुकीय चाचण्या, समुपदेशन यांत जायचं तर एम.एस्सी. धरूनच चाला, म्हणजे किमान पाच वर्षं. ज्या घराला तीन वर्षांनी कमावता हात हवाच आहे, त्यांनी हा हिशेब आधी मांडावा. त्यात लाज कसली?

एम.एस्सी.साठी आयआयटींची 'जॅम' आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या अभ्यासक्रमांसाठी 'गॅट-बी' अशा परीक्षा आहेत. 'जॅम'च्या जैवतंत्रज्ञान पेपरात बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणितही येतं, तेव्हा ती पुस्तकं रद्दीत घालू नका. पुढे सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली की पीएच.डी. करताना दरमहा विद्यावेतन सुरू होतं. बारावीनंतर थेट जायचं तर आयसर ही केंद्राची विज्ञानसंस्था आहेच, तिची प्रवेशपरीक्षा वेगळी. बी.एस्सी.च्या पदवीवर 'जेनेटिक्स' असं छापलेलं नसलं तरी बिघडत नाही. जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र यांतून कुठूनही इकडे वळता येतं. पाटीवरच्या नावापेक्षा आत काय शिकवतात ते महत्त्वाचं.

म्हणून प्रवेशाची फी भरण्याआधी मुलीला घेऊन त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जा. शिक्षकांना भेटण्यापूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. डीएनए तुम्ही स्वतः वेगळा काढलात का, जेल स्वतः ओतलंत का, पीसीआरच्या नळीत पिपेटने थेंब कोणी टाकले, एवढंच विचारा. 'सर करून दाखवतात' असं उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा, मग ते घरापासून लांब असलं तरी.