मृगाआधीची आवराआवर



घर आवरण्याचे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर येत असतील. पांढरीशुभ्र खोली, एक खुर्ची, एक कुंडी. बाकी सगळं टाकून द्या म्हणतात. ते घर शेतकऱ्याचं नव्हे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दसऱ्यानंतर घरात कापूस येतो आणि भाव चढेल या आशेवर मधल्या खोलीतच मुक्काम ठोकतो, कधी संक्रांतीपर्यंत, कधी होळीपर्यंत. आढ्याला टेकलेली गंजी, आणि उरलेल्या हातभर जागेत पालथं पडून गणितं सोडवणारं पोरगं. वहीच्या पानांना रुई चिकटलेली, एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातानं मानेची खाज खाजवणं चालू. हा पसारा आळसाचा नाही, बाजारभावाचा आहे. त्यावरून तुम्हाला बोल लावायला मी बसलेलो नाही.

पण पसाऱ्याचा भार मनावर पडतो, हेही खरं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी नोकरदार नवरा-बायकोंना आपलं घर फिरून दाखवायला आणि त्याबद्दल बोलायला सांगितलं. 2010 साली निष्कर्ष छापून आले. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट पडलेली कामं पुन्हा पुन्हा येत होती, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दिवस मावळेपर्यंत जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. संध्याकाळी त्यांचं मनही जास्त खिन्न असायचं. 2014 मधल्या दुसऱ्या एका प्रयोगात बालवाडीच्या वयाची मुलं चित्रांनी-तक्त्यांनी गच्च भरलेल्या वर्गापेक्षा साध्या भिंतींच्या वर्गात जास्त शिकली.

याची दुसरी बाजूही असते. मन थकलं की हात चालत नाहीत. नेहमी टापटीप राहणाऱ्या बाईचं घर महिनोन्‌महिने अस्ताव्यस्त दिसू लागलं, तर तिला नावं ठेवण्याआधी जवळ बसून विचारा, ‘बरं वाटत नाही का?’ 

मग आवरायचं कधी? कापूस विकला गेला आणि मृग अजून लागायचा आहे, ते दिवस आपले. कवेलू फेरायचे, माळा उतरवायचा, घराला लागून रचलेली पऱ्हाटी दूर न्यायची. तिच्यात साप-विंचू घर करतात. सगळं एका दिवसात होत नाही, व्हायलाही नको. तीन कामं मात्र नक्की करा.

पहिलं, पोराला एक कोपरा द्या. वेगळी खोली नको; एक फळी, एक खिळा दप्तरासाठी आणि उजेड पडेल अशी बसायची जागा पुरे. पुढच्या हंगामात कापूस आला तरी तो कोपरा सोडून गंजी लावा. मुलांनी जमवलेले गोटे, तुटकी गाडी, बिल्ले आपल्याला भंगार वाटतात. त्यांना विचारल्याशिवाय फेकू नका. काय ठेवायचं, काय द्यायचं, हे ठरवायची सवय त्यांना तिथूनच लागते.

दुसरं, कागद. सातबारा, पीक विम्याची पावती, पासबुक, जातीचा दाखला, गुणपत्रिका हे सारं एका पेटीत. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी दाखला सापडत नाही आणि घरात भांडण पेटतं, हे नेहमीचंच. कर्जाचे कागदही त्याच पेटीत ठेवा आणि आकडा नवरा-बायको दोघांनाही माहीत असू द्या. एकट्यानं वाहिलेलं कर्ज माणसाला आतून पोखरतं.

तिसरं काम सर्वांत मोठं. फडताळात, माळ्यावर, पलंगाखाली उरलेली फवारणीची औषधं असतात. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तेच विष आपण लेकराच्या अंथरुणाजवळ ठेवतो, रिकाम्या डब्यात तेल-पाणीही भरतो. निराशेची घटका कोणावरही येते. त्या घटकेला विष हाताशी नसलं तर ती बहुधा टळते. श्रीलंकेनं जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटलं. तिथेच गावोगावी घरांना कुलूपबंद पेट्याही देऊन पाहिल्या. 2017 मध्ये छापलेल्या निष्कर्षांत त्यांचा उपयोग दिसला नाही. म्हणजे कुलपावर विसंबू नका. लागेल तेवढंच औषध आणा, घरात मुक्कामी ठेवू नका, रिकामा डबा पुन्हा वापरू नका.

आवरून झालं तरी मनातलं मळभ जात नसेल, झोप उडाली असेल, तर गावातल्या आशाताईंशी बोला किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.

यंदा मृगाआधी माळा उतरवणं जमलं नाही, तरी काही बिघडत नाही. विषाचा डबा तेवढा घराबाहेर काढा.