बोटीवरचा गीझर

प्रश्न : बोटीवरच्या गीझरमधून कधी कधी चटका बसेल इतकं गरम पाणी येतं. इन्व्हर्टरवर लावला तर बॅटरी लगेच उतरते. उपाय काय?

उत्तर : इंजिन थंड करणारं पाणी ८० अंशांच्या आसपास असतं. तेच गीझरच्या कॉइलमधून फिरतं, म्हणून टाकीही जवळपास तितकीच तापते. विजेच्या रॉडचा थर्मोस्टॅट ही उष्णता रोखू शकत नाही. गरम पाण्याच्या पाइपवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवावा; तो गार पाणी मिसळून देतो.

१,२०० वॉटचा रॉड १२ व्होल्टच्या बॅटरीतून किमान १०० अँपिअर ओढतो. तो धक्क्यावरच्या विजेवरच चालवावा, तेही टाकी भरल्याची खात्री करून. कोरडा रॉड जळतो.

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्ह थोडा ठिबकतोच. सतत गळत असेल तर तपासून घ्या, पण त्याचं तोंड कधीही बुजवू नका.