मोजायचं ते सेल्फ मारताना

पोरी, घरची डिझेल गाडी आता तुझ्या हाती आली, हे छान झालं. मोशीहून चाकणला पहिल्या पाळीला जायचं म्हणजे भल्या पहाटे गाडी चालू व्हायलाच हवी. इंद्रायणीकाठी डिसेंबर-जानेवारीत काही दिवस पारा दहाच्या खाली जातो आणि पंधरा वर्षं उलटलेली गाडी नेमकी तेव्हाच अडते. कारखान्यात विजेच्या देखभालीत माझी सगळी नोकरी झाली. तिथलं जे गाडीलाही लागू पडतं, ते तुला सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट. थंडीत गाडी अडली म्हणून थंडीला दोष देऊ नकोस. बॅटरी खरी खचते ती एप्रिल-मेच्या उन्हात. तापलेल्या बॉनेटखाली तिच्यातलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. पण तेव्हा इंजिन ऑइल पातळ असतं, इंजिन हलकं फिरतं, त्यामुळे काही जाणवत नाही. थंडीत ऑइल घट्ट होतं, स्टार्टरला जास्त करंट लागतो आणि त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. सहा महिने लपलेलं दुखणं मग एका पहाटे वर येतं. म्हणून तपासणी दिवाळी झाली की लगेच करायची, गाडी बंद पडायची वाट बघायची नाही.

दुसरी गोष्ट, आणि हाच माझा खरा कानमंत्र. विजेचा जोड नुसता ठेवून मोजला तर खोटं बोलतो. त्याला भार देऊन मोज. हे नीट समजून घे. स्टार्टर इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे अँपिअर सहज ओढतो. एखाद्या गंजलेल्या जोडात एक शतांश ओहमचा अडथळा असला, तरी 200 अँपिअरला 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. 12 व्होल्टच्या गाडीत 2 व्होल्ट म्हणजे फार झाले. आणि हाच जोड गाडी बंद असताना मीटरला एकदम ठणठणीत दिसतो, कारण करंटच वाहत नाही. वायरच्या शंभर तारांपैकी एक शाबूत असली तरी मीटर ‘पीं’ करतो. म्हणून माणसं बॅटरी बदलतात, मग स्टार्टर बदलतात, मग अल्टरनेटर बदलतात. पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

मीटर काढण्याआधी कान आणि डोळे वापर. हेडलाइट लाव आणि सेल्फ मार. दिवे एकदम मंदावले आणि इंजिन कण्हत फिरलं, किंवा नुसतं टकटकटक वाजलं, तर बॅटरी तरी कमजोर आहे किंवा तिचे जोड तरी. दिवे लख्ख राहिले आणि एकच ‘टक’ झालं किंवा काहीच झालं नाही, तर बॅटरीच्या मागे लागू नकोस. सोलेनॉइड, त्याला जाणारी बारीक वायर, रिले आणि चावीचं स्विच बघ. आणि इंजिन झरझर फिरतंय पण पेट घेत नाही, असं असेल तर सेल्फ-बॅटरीचं काम चोख आहे. मग हीटर प्लग आणि डिझेलकडे जायचं.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. तो 20 व्होल्ट डीसीवर ठेव. चार आकडे लक्षात ठेव. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाऊ नये. गाडी चालू झाल्यावर तो 13.8 ते 14.5 मध्ये असावा. तसा नसेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर बघ. चौथा आकडा मेकॅनिक सहसा बघत नाहीत, तो तू बघ. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, थेट शिशावर, क्लँपवर नको. दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. आईला सेल्फ मारायला सांग. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, तुझी ओढणी-मफलर बेल्टपासून लांब. आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा. अर्धा, एक असा आला, तर चोर अर्थिंगमध्ये आहे. पॉझिटिव्हकडेही तसंच: खांबापासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत 0.5 च्या वर जाऊ नये.

जुन्या गाडीत हा चोर बहुतेक वेळा अर्थ पट्टीत सापडतो. गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत विणलेल्या तांब्याची एक चपटी पट्टी जाते, ती शोध. वरून बोल्ट घट्ट दिसतो, हाताने हलत नाही, म्हणून कुणी तिला हात लावत नाही. तो बोल्ट काढ. लगच्या खाली हिरवट पूड आणि चासीवर काळा-तांबूस थर दिसेल. इतक्या पावसाळ्यांचं पाणी तिथे मुरलेलं असतं. दोन्ही बाजू सँडपेपरने धातू चकाकेपर्यंत घास, बोल्टखालचा रंग खरवड, दातेरी वॉशर घाल, पान्ह्याने आवळ आणि जोड पक्का झाल्यावर वरून व्हॅसलिन लाव. आधी लावायचं नाही. पट्टीच्या तारा तुटलेल्या असतील तर नवीनच कर. भोसरी एमआयडीसीत केबलला लग दाबून देणारे आहेत. जाड तांब्याची केबल घे आणि लग मशीनने दाबून घे, हातोडीने ठोकलेला चालवून घेऊ नकोस.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धू, झाकणं बंद ठेवून. इथे हलगर्जी नको. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेव. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. असं केलं म्हणजे पान्हा चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ काडी पेटवू द्यायची नाही.

हीटर प्लगचं सांगतो. 1998 च्या डिसेंबरात इंडिका आली, ती इथेच पिंपरीत बनायची. त्यानंतर आपल्या पट्ट्यात घरोघरी डिझेल गाड्या आल्या. त्या पिढीच्या डिझेल इंजिनाला थंडीत आधी आतून ऊब लागते. चावी फिरवल्यावर वेटोळ्याचा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांब आणि मगच सेल्फ मार. चालू झाल्यावर गाडी मिनिटभर हादरते, पांढरा धूर सोडते आणि मग सुरळीत होते, असं झालं तर चारपैकी एखादा प्लग गेलेला असतो. प्लगवरची जोडपट्टी काढ, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लाव आणि दुसरं प्रत्येक प्लगच्या टोकाला. दिवा लागला नाही तो प्लग मेला. चारही प्लगवर दिवा लागला, तर पट्टी परत बसव आणि चावी फिरवल्यावर पट्टीवर व्होल्टेज येतं का बघ. येत नसेल तर फ्यूज किंवा रिले. अशा इंजिनात स्टार्टिंगचा स्प्रे कुणाला मारू देऊ नकोस. तापलेल्या प्लगवर तो भडकतो आणि इंजिन फोडू शकतो.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नकोस. मधे अर्धा-एक मिनिट जाऊ दे. दुसऱ्या गाडीची वीज घेताना लाल वायर पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक आपल्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब.

गुरुवारच्या सुट्टीला गाडी उभी राहिली आणि शुक्रवारी सेल्फ मेला, असं वारंवार झालं तर कुठेतरी वीज गळतेय. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने मीटर ओळीत, म्हणजे निगेटिव्ह खांब आणि त्याची सोडलेली वायर यांच्या मधे, जोडून करंट मोज. त्या वेळी दार उघडायचं नाही, चावी फिरवायची नाही. 50 मिलीअँपिअरपर्यंत ठीक. 300 असेल तर दिवसाला सात अँपिअर-अवर जातात आणि 40 ची बॅटरी तीन दिवसांत निम्मी होते. एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर करंट पडतो त्याच्या वाटेवर दोष. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, कॅमेरा, रिमोट लॉक यांच्यावर पहिला संशय घे. उंदरांनी कुरतडलेली वायरही बघ.

तुझ्या रस्त्याचंही एक आहे. आंबेठाण चौकाच्या कोंडीत गाडी रांगत असते, दिवे-ब्लोअर चालू असतात, आणि आयडलला अल्टरनेटर फार कमी भरतो. पहाटे सेल्फने घेतलेलं परत भरलं जात नाही. आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालव.

इलेक्ट्रिशियनकडे न्यायची वेळ आली तर आदल्या रात्रीच त्याच्या दारात लाव. अकरा वाजता उन्हात तापलेली गाडी एका सेल्फमध्ये चालू होते आणि त्याला दोष दिसतच नाही. ‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नकोस. दिवे मंदावले का, आवाज कसा आला, सेल्फ मारताना किती व्होल्ट होते, हे सांग. आकडे घेऊन आलेल्या माणसाला उगाच पार्ट बदलून देणं अवघड जातं.

डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेव. बॅटरी कधी घेतली आणि दर दिवाळीनंतर हे चार आकडे किती आले, ते लिहीत जा. सेल्फचा आकडा गेल्या वर्षी 10.4 होता आणि यंदा 9.8 झाला, तर बॅटरी पुढच्या थंडीपर्यंत टिकणार नाही असं समज आणि तिची तजवीज आताच कर.