कोयोटीचा डुप्लिकेट ड्रेस

'रोड रनर'चा अगदी पहिला भाग म्हणजे १९४९ चा 'फास्ट अँड फ्युरी-अस', दिग्दर्शक चक जोन्स. हॉस्टेलवर कितीदा बघितला, मोजलं नाही. त्यात कोयोटी सुपरमॅनसारखा ड्रेस घालून कड्यावरून उडी मारतो, आणि सरळ खाली!

दिवाळीत शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला मामाकडे गेले, तेव्हा सहा वर्षांच्या मामेभावाला मोबाईलवर तो दाखवला. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या पाठीला टॉवेल बांधून पडवीच्या कौलांवर! खाली उतरवला, तर म्हणतो, "ताई, त्याचा ड्रेस डुप्लिकेट होता." (मामी माझ्याकडेच बघत होती.)

पडवी ३ मीटर उंच. २ × ९.८ × ३ चं वर्गमूळ ७.७, म्हणजे जमिनीवर आदळताना वेग ताशी २८ किलोमीटर, तोही पाऊण सेकंदात. तरंगायचं तर वजनाइतक्या जोराने हवा खाली ढकलायला हवी. टॉवेल ती किती ढकलणार? गणितात त्याला इंटरेस्ट नव्हता. शेवटी एका दगडाला तोच टॉवेल बांधला, दुसरा नुसता ठेवला आणि शिडीवरून दोन्ही एकदम सोडले. जवळजवळ बरोबरच पडले. तो बराच वेळ गप्प.

मग म्हणाला, "पण ताई, भिंतीवर रंगवलेल्या बोगद्यातून रोड रनर कसा गेला?"

हे अजून आमच्या सिलॅबसला आलेलं नाही.