हैदराबादेत चित्रं बघायला काय लागतं, घ्यायला काय

आर्ट गॅलरीत शिरायला तिकीट नसतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. सुलतान बाजारात तासभर घासाघीस करणारा माणूसही गॅलरीचं काचेचं दार पाहून बिचकतो. बिचकू नका. माधापूरची स्टेट गॅलरी ऑफ आर्ट, बंजारा हिल्सची कलाकृती, जुबिली हिल्सची सृष्टी, कुठेही नुसतं बघायचे पैसे पडत नाहीत. स्टेट गॅलरीत हिवाळ्यात भरणारा इंडियन फोटो फेस्टिव्हलही मोफत बघता येतो. बंजारा हिल्स रोड नंबर 1 वरचं लामकान तर एका जुन्या घरातच 2010 पासून चालू आहे. तिथले बहुतेक कार्यक्रम फुकट, आणि चहा-समोसा खिशाला परवडणारा.

खर्च होतो तो जाण्यायेण्याचा. कोठीकडून माधापूरला निघालात तर उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशनवर मेट्रो धरा आणि अमीरपेटला बदला. मे 2025 च्या भाडेवाढीनंतर, दहा टक्के सवलत धरून, एका वेळचं तिकीट 11 ते 69 रुपयांच्या आत बसतं. तेलंगणाचं ओळखपत्र असलेल्या बायकांना ऑर्डिनरी आणि एक्स्प्रेस सिटी बस डिसेंबर 2023 पासून मोफत आहे. स्टेशनपासून गॅलरीपर्यंतची रिक्षा मात्र चुकत नाही. तिचं भाडं बसण्याआधीच ठरवा.

उद्घाटनाच्या संध्याकाळी चित्रकार भेटतो, चहा मिळतो, पण गर्दीत चित्र दिसत नाही. नीट बघायचं तर मधल्या वारी दुपारी जा. आधी फोन करा, कारण चित्रं चढवण्या-उतरवण्याच्या दिवसांत दालन बंद असतं.

आता विकत घेण्याविषयी. किमतीची यादी बहुधा टेबलावर असते. नसली तर मागा, त्यात संकोच कसला? पहिला प्रश्न विचारायचा तो जीएसटीचा. 22 सप्टेंबर 2025 पासून हाताने काढलेल्या चित्रांवरचा कर 12 वरून 5 टक्के झाला. म्हणजे 40,000 च्या चित्रावर 2,000, पूर्वीसारखे 4,800 नव्हेत. यादी जुनी असेल तर हिशेब पुन्हा करायला लावा. थेट चित्रकाराकडून घेताना त्याची जीएसटी नोंदणी नसेल, तर त्याने हा कर लावताच कामा नये.

दुसरा प्रश्न फ्रेमचा: किमतीत धरली आहे की नाही? पॅकिंग आणि घरपोच पाठवणीचंही तेच.

कमी पैशात मोठं नाव हवं असेल तर प्रिंट घेता येते, पण इथेच लोक फसतात. लक्ष्मा गौडांसारख्या कलावंताचं एचिंग म्हणजे प्लेटवरून हाताने छापलेली मूळ कलाकृती. चित्राचा फोटो काढून मशीनवर छापलेली डिजिटल प्रत वेगळी, कितीही देखणी असली तरी. दोन्हींवर पेन्सिलीची सही आणि 12/50 असा आकडा असू शकतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. छपाईची पद्धत, कागद आणि एकूण प्रती किती, हे पावतीवर लिहून घ्या. विकणारा लिहून द्यायला कां-कूं करू लागला तर पैसे खिशातच ठेवा.

पावती जपून ठेवायचं आणखी एक कारण आहे. घरात टांगलेलं चित्र प्राप्तिकराच्या नजरेत भांडवली मालमत्ता असतं. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवून विकलंत तर नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, आणि तो नफा काढायला खरेदीची किंमत दाखवावी लागते.